काचवाल्या अण्णांचा पैलवान

कवळीवालीचं लग्न टिकलं नाही, सासरे मात्र टिकले. नवरा दुसऱ्या शहरात दुसरं घर मांडून बसला, तेव्हा ती बॅग भरायला लागली होती. अण्णा दारात आडवे उभे राहिले. "तू कुठं निघालीस? ज्याला जायचं होतं तो गेला. तू का म्हणून जागा सोडायची?" एवढंच बोलले. ना रडारड, ना समजावणी. संध्याकाळी नेहमीसारखं त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "सूनबाई, आज जेवायला काय?" आणि तो विषय तिथं संपला. ती राहिली. नात्यातल्या लोकांना हे काही केल्या पचेना. समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले, मग तिनं समजावणंच सोडून दिलं.

तिला कवळीवाली म्हणायचे ते दातांच्या लॅबमध्ये. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे. त्यांवर ती मेणाच्या हिरड्या चढवायची, एकेक दात बसवायची, आणि कवळी तयार झाली की बारीक चाकावर घासून अशी गुळगुळीत करायची, की जिभेला कुठे टोचू नये. दिवसभर अनोळखी माणसांची तोंडं हातात. घरी यायची तेव्हा केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी असायची. अण्णा दार उघडून म्हणायचे, "या म्हातारबाई."

अण्णा काचवाले. घराखालचं दुकान त्यांचंच. आरसे, खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळं त्यांनी केलं. हिऱ्याच्या कलमानं एक रेघ ओढायची, खालून हलकेच ठोकायचं, की काच रेघेवरून सरळ दुभंगायची. बोटांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेषा होत्या. गुडघे गेले तसं त्यांनी दुकान एका शिंपीणबाईंना शिवणकामासाठी भाड्यानं दिलं आणि स्वतः वर येऊन बसले.

आणि तिसरा होता पैलवान. तोही नवऱ्यानं मागे टाकलेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं हौसेनं माशांचं भांडं आणलं होतं आणि त्यात इतर माशांबरोबर अंगठ्याच्या नखाएवढा एक गोल मासा. दुकानदारानं नाव सांगितलं होतं पफर, गोड्या पाण्यातला. आठवडाभरात त्या नखाएवढ्यानं सगळ्यांच्या शेपट्या कुरतडल्या. एक मासा मेला, दुसरा मेला, आणि शेवटी भांड्यात हे साहेब एकटेच उरले, छाती काढून, दोन डोळे दोन दिशांना फिरवत. नवऱ्याची हौस तिथंच फिटली. "फेकून दे," म्हणाला. अण्णांनी मात्र माळ्यावरून जाड काच काढली, कापली, कडा घासल्या, सिलिकॉननं जोडली आणि पैलवानासाठी ऐसपैस टाकी उभी केली. एकट्यासाठी. "ह्याला शेजारी चालत नाहीत," ते म्हणाले, "माझ्यासारखाच आहे."

पैलवानानं दोघांना बरंच शिकवलं. त्याचे दात चोचीसारखे, आणि जन्मभर वाढत राहणारे. कवचाचं काहीतरी रोज फोडलं तरच ते झिजतात, म्हणून गच्चीत एका टबात पाण्यातल्या गोगलगायी पाळायच्या. त्याला खवले नाहीत, कातडी उघडी, त्यामुळे घाण पाणी त्याला इतर माशांच्या आधी बाधतं. फिल्टर सतत चालू हवा, आणि दर रविवारी निम्मं पाणी काढून, औषध घालून क्लोरिन घालवलेलं, तेवढंच कोमट पाणी घालायचं. जाळीनं बाहेर काढायचं नाही, कारण घाबरून तो हवा गिळून फुगतो आणि मग ती हवा त्याला टाकता येत नाही. बाकी प्रकृती दणकट. मुठीएवढा झाला तेव्हा तो माणसं ओळखायला लागला. कवळीवाली खोलीत आली की काचेशी येऊन अख्खं अंग वळवळवायचा. शिंपीणबाई आल्या की खडकामागे. अण्णांच्या बोटामागे तर तो काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. "भूक लागली म्हणतोय," अण्णा म्हणायचे.

"त्याला सदाच भूक लागते, अण्णा. ढोंगी आहे तो."

"असू दे. मागणाऱ्याला नाही म्हणू नये."

अशी बरीच वर्षं गेली. चांगली गेली.

मग एका संध्याकाळी ती घरी आली, तर टाकीतलं पाणी ताक घातल्यासारखं गढूळ. पैलवान तळाशी, पोट राखेच्या रंगाचं झालेलं. तिनं पाणी तपासायच्या बाटलीत थेंब टाकले. रंग हिरवा झाला. अमोनिया. तिनं फिल्टर उघडून धुतला, पाणी बदललं, आणि नवा पंपही आणला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. तिला काही उमजेना. एका सुट्टीच्या दिवशी ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, तेव्हा उमजलं. अण्णा उठले, गच्चीत गेले, मूठभर गोगलगायी आणून टाकीत टाकल्या, आणि येऊन बसले. पैलवानानं खाल्लं. थोड्या वेळानं तो पुन्हा काचेशी येऊन वळवळला. अण्णा पुन्हा उठले. "अरे, तुला अजून दिलंच नाही की रे आज," ते म्हणाले, आणि पुन्हा गच्चीकडे निघाले. खडकांखाली, झाडांच्या मुळांशी अर्धवट खाल्लेल्या गोगलगायी कुजत पडल्या होत्या.

"अण्णा, आत्ताच दिलं तुम्ही."

"मी?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेष्टा करतेय का, हे चाचपत. मग हसले. "बरं. तू म्हणतेस तर दिलं असेल."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा आजार मागे फिरत नाही हेही सांगितलं. डॉक्टरांसमोर अण्णा अगदी शहाण्यासारखे बसले होते. घरी येताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "कुणाला बरं नाहीये?"

तिनं टाकीच्या झाकणाला छोटं कुलूप लावलं. ते लावताना तिला फार शरम वाटली, कारण टाकी त्यांची, हातही त्यांचे. पहिल्याच दिवशी अण्णा कुलूप हातात धरून उभे राहिले. शिंपीणबाई दिवसातून दोनदा वर येऊन त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या. त्यांना ते म्हणाले, "बघा हो, ह्या घरात एका मुक्या जिवाला उपाशी मारतायत. ती बाई आलीये ना कामाला, ती."

शिंपीणबाईंनी हे तिला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्या सरळ मनाच्या होत्या, पोटात काही राहायचं नाही. "मी म्हटलं, अहो अण्णा, सून आहे ती तुमची. तर म्हणाले, माझी सून लॅबमध्ये असते, केस पांढरे करून येते. मनावर घेऊ नकोस गं."

मनावर न घ्यायला मन दुसरीकडे ठेवायची सोय थोडीच असते? त्या दिवसापासून तिला एका शब्दाची धास्ती बसली. अण्णा तिला कायम 'तू' म्हणायचे. आता दार उघडल्यावर कधी 'आलीस?' यायचं, तर कधी 'कोण हवंय तुम्हाला?' त्या 'तुम्ही'पुढे तिला उंबऱ्यातच स्वतःची ओळख सांगत उभं राहावं लागायचं. एखादा दिवस 'तू'चा निघाला की ती लॅबमध्ये गुणगुणत काम करायची. पुढं पुढं तसे दिवस विरळ होत गेले.

कुलपावर तिनं एक तोड काढली. रिकामे शंख उकळून, वाळवून एका डबीत भरून अण्णांजवळ ठेवले आणि झाकणाच्या कोपऱ्यात शंख जाईल एवढं भोक पाडलं. अण्णा एकेक शंख आत सोडायचे, पैलवान ते तोंडात धरून कुडुमकुडुम चावायचा, थुंकायचा. पाणी घाण होत नव्हतं, दात झिजत होते, आणि अण्णा आपल्या हातानं कुणालातरी भरवत होते. काही महिने ह्या शंखांवर तिघांचं घर चाललं.

मग एके दिवशी अण्णांनी गच्चीतला टब धुतला. हिरवं शेवाळलेलं पाणी त्यांना बघवलं नसावं. कपडे धुवायची पावडर घालून, घासून, पालथा घालून ठेवला. सगळ्या गोगलगायी मेल्या. आदल्याच दिवशी शंखांची डबीही त्यांनी कुठंतरी टाकून दिली होती. दुकानात गोगलगायी मिळेनात. ती पैलवानाला सोललेली कोळंबी घालत राहिली. ती मऊ. मधल्या काळात अण्णा एकदा न्हाणीघरात पडले, मनगट मोडलं, आणि प्लास्टर, दवाखाना, रजा ह्यांत पैलवानाच्या तोंडाकडे पाहायचं राहून गेलं. पाहिलं तेव्हा वरचे दात वाढून खालच्या ओठावर आले होते. तो कोळंबीवर झेप घ्यायचा, तोंड आपटायचा, आणि तुकडा खाली पडायचा. पोट आत गेलं होतं. जन्मात पहिल्यांदा तो खरोखरच उपाशी होता, आणि अण्णा ते बरोबर ओळखून दिवसभर सांगत होते, "अगं, भुकेला आहे तो." तिला वाटायचं, आजार बोलतोय.

लॅबमध्ये लवंगेच्या तेलाचा वास भिंतींनासुद्धा होता. त्याच तेलाचे थेंब पाण्यात मिसळले की मासा गुंगतो, हे तिनं माशांच्या दुकानदाराकडून पक्कं करून घेतलं. कवळीच्या तारा कापायची बारीक कात्री आणली. रविवारी सकाळी खिडकीशी टेबल ओढलं, दोन भांडी मांडली. एकात तेलाचं पाणी, दुसऱ्यात टाकीतलं स्वच्छ. पैलवानाला पाण्यासकट वाडग्यात घेतलं. तो हळूहळू कलंडला. तिनं कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. हजारो दात घासले असतील तिनं, पण त्यांतल्या एकालाही प्राण नव्हता.

"मी धरतो," मागून आवाज आला.

अण्णा उभे होते. प्लास्टर निघालेला हात त्यांनी पाण्यात बुडवला, ओलं फडकं तळव्यावर घेतलं, आणि माशाला खालून असं उचललं की जणू कोरी काच उचलताहेत. नुसतं तोंड पाण्याबाहेर. हात दगडासारखा स्थिर.

"घाई करू नकोस, सूनबाई. आधी रेघ कुठं मारायची ते बघ, मग काप."

तिनं पाहिलं. कापलं. टक् असा आवाज झाला, एक पांढरा तुकडा टेबलावर उडाला. खालचा दात कापला. पुन्हा टक्.

"झालं. सोडा आता."

त्यांनी मासा स्वच्छ पाण्यात धरून पुढं-मागं हलवला, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ काही नाही. मग एक पंख थरथरला, डोळा फिरला, आणि पैलवान अण्णांच्या तळव्यातून निसटून भांड्याच्या काठाशी गेला. रागावलेला.

"लबाड," अण्णा म्हणाले. मग तिच्या केसांकडे बघून, "आज सुट्टी वाटतं? म्हातारबाई काळ्याभोर झाल्यात."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. त्या दुपारी पैलवानानं कोळंबी खाल्ली. संध्याकाळी अण्णाही पोटभर जेवले. तिनं टाकीचं कुलूप काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. हे हात अजून शाबूत आहेत, असं तिला वाटलं, आणि ज्या हातांनी त्याला वाचवलं त्यांच्यासमोर कुलूप कसं ठेवायचं?

पुढच्या पंधरवड्यात काही बिघडलं नाही. अण्णांना पुन्हा तिची ओळख राहिली नव्हती, पण ते टाकीशी शांत बसायचे. खाणं ती कपाटात ठेवायची, आणि कपाट त्यांना आठवत नव्हतं. तिला वाटायला लागलं होतं की असंच निभेल.

लॅबमध्ये तातडीचं काम आलं आणि तिला यायला उशीर झाला. जिन्यातच तिला वास आला. नाकात चढणारा, ओळखीचा, पण कसला ते चटकन आठवेना. दार उघडं होतं. अण्णांच्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या, खांद्यावर फडकं, चेहरा उजळलेला.

"या, या. बघा तुम्ही," ते म्हणाले. "किती दिवसांची राप चढली होती. आतून-बाहेरून पुसून काढली. दुकानाची दर्शनी काच अशी हवी. मध्ये काच आहे हेच कळता कामा नये."

टाकी खरोखरच लखलखत होती. कडेला काच पुसायच्या द्रवाची जुनी बाटली होती, त्यांच्या दुकानातली, माळ्यावरची. रिकामी. टाकीत पाणी तसंच होतं, अण्णांनी हात बुडवून, पाण्यातच फडकं फिरवून आतली काच पुसली होती. ज्या अमोनियाचा एकेक थेंब ती मोजत आली होती, तो अख्खा बाटलीभर पाण्यात उतरला होता.

पैलवान तळाशी एका कुशीवर होता. फुगला नव्हता. तेवढीही ताकद त्याला राहिली नसावी. कातडी ठिकठिकाणी पांढुरकी पडली होती आणि कल्ले झपाझप उघडत-मिटत होते.

ती धावली. बादलीत पाणी, क्लोरिन घालवायचं औषध, कोमट पाणी. वाडग्यात घेऊन त्याला बादलीत सोडलं, पाणी बदललं, पुन्हा बदललं. शिंपीणबाई मापाची फीत गळ्यात तशीच घेऊन वर आल्या. "मी गिऱ्हाइकात होते गं. म्हटलं, काच पुसतायत, गुंतलेत कामात, बरंय की." त्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. कवळीवाली बादलीशी मांडी घालून बसली. माशाला हातात धरून पुढं-मागं हलवत राहिली, अण्णांनी केलं होतं तसं. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून कुतूहलानं बघत होते.

"काय झालं त्याला?"

तिनं एका हातानं बादलीत आणखी स्वच्छ पाणी ओतलं.

"पाणी खराब झालं असेल," ते म्हणाले. "सूनबाईला विचारा. तिला बरोबर कळतं."

रात्री उशिरा कल्ले थांबले.

तिनं त्यांना एकदाच खरं सांगितलं. म्हणजे, पैलवान गेला एवढंच. कशानं गेला ते नाही. अण्णा लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. तिनं त्यांना जवळ घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी ती कोण आहे ह्याची चौकशी न करता ते तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिले. सकाळी उठले आणि टाकीशी जाऊन म्हणाले, "पैलवान कुठाय?"

त्यानंतर तिनं काय काय नाही सांगितलं? झोपलाय. खडकामागं आहे. पाणी बदलायला दुकानात ठेवलाय. हे शेवटचं सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी अण्णा दुकान शोधायला घराबाहेर पडले. शिंपीणबाईंना चुकवून, अनवाणी. पार बाजारापलीकडे एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेला नाक लावून ते उभे सापडले. आत कपडे घातलेले पुतळे होते. आठवड्याभरात ते पुन्हा गेले. ह्या वेळी वाहनांच्या मधोमध.

नवऱ्याला फोन करावाच लागला. तो आला, टाकीकडे बघून म्हणाला, "हा अजून जिवंत होता?" वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त कशातच राहता येत नसे. त्यानं वृद्धांची एक संस्था पाहून ठेवली होती. बाग आहे, डॉक्टर आहेत, फाटकाला पहारा आहे. "तू नोकरी करतेस. तू तरी किती बघशील? आणि तसं पाहिलं तर..." तो थांबला. तसं पाहिलं तर ती त्यांची कुणीच नव्हती, हे त्याला म्हणायचं असेल. ती नाही म्हणेल, भांडेल, असं त्याला वाटलं होतं. तिलाही वाटलं होतं. ती दमली होती. 'हो' म्हणाली.

निघताना अण्णांनी तिला दारात हात जोडून सांगितलं, "बरं आहे बाई. फार केलंत तुम्ही आमचं."

टाकी तिनं उपसली आणि पुसून कोरडी केली. विकवेना, म्हणून पलंगाखाली सरकवली.

संस्थेत ती दर रविवारी जायची. खोली बरी होती, चादर स्वच्छ. अण्णा वाळत चालले होते. एका रविवारी तिला दिसलं, ते घास गालात धरून ठेवताहेत, चावत नाहीत. त्यांची जुनी कवळी सैल झाली होती आणि खालची हिरडी सोलवटून लाल झाली होती. ती कवळी लॅबमध्ये घेऊन गेली. जिथं घासत होती तिथं चाकावर उतरवली, आतून नवा थर दिला, बोटानं चाचपून, जिभेनं चाटून पाहिली. इतकं मन लावून तिनं कुणाची कवळी केली नव्हती. त्यांच्या उपयोगी पडेल अशी तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात उरली होती.

पुढच्या वेळी ती बसवायला तिनं त्यांच्या ओठाला हात लावला मात्र, अण्णा किंचाळले. तिचा हात त्यांनी झटकला, तिच्या तोंडावर मारलं, कोपऱ्यात जाऊन दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "ही बाई मला मारायला आलीये! घालवा हिला!" शेजारच्या खोल्यांतली म्हातारी माणसं दारात गोळा झाली. सेविकेनं येऊन त्यांना थोपटून, कुरवाळून शांत केलं. त्या मुलीचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला.

थोड्या वेळानं ती सेविका बाहेर आली. कवळीवाली बाकावर बसली होती, कवळीची डबी मांडीवर. सेविका चांगल्या शब्दांत म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की दोन दिवस ते बिथरतात. जेवत नाहीत. मला वाटतं, थोडे दिवस तुम्ही नका येऊ."

"कवळी?"

"ठेवा माझ्याकडे. बघते मी. नाहीतर पातळच देतो आम्ही आता त्यांना."

तिनं डबी दिली. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही. फाटकाशी पहारेकऱ्यानं वहीत तिच्या जाण्याची नोंद केली आणि कडी काढून तिला बाहेर सोडलं.